निरीक्षक व्हायला पुणं गाठावं लागत नाही

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की वाशिंद, आसनगाव, शहापूर, मुरबाड या पट्ट्यातून मला एकाच छापाचे फोन येतात. "सर, पोराला एमपीएससीसाठी पुण्याला पाठवतोय. क्लास कुठला चांगला?" पाठवावं की नाही, हे कुणी विचारत नाही. ते घरात आधीच ठरलेलं असतं, आणि बऱ्याचदा मुलाला न विचारता ठरलेलं असतं.

माझं उत्तर दरवर्षी तेच असतं: पाठवू नका. निदान असं डोळे झाकून तरी पाठवू नका.

सदाशिव पेठेत नाहीतर नवी पेठेत कॉट, मेस, अभ्यासिका, क्लासची फी, पुस्तकं हा सगळा खर्च धरला तर वर्षाला लाख-दीड लाख सहज जातात. वाशिंदच्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला जाणाऱ्या किंवा भेंडीवर घर चालवणाऱ्या बापाला ही रक्कम कुठून काढावी लागते, हे मुलाला पक्कं माहीत असतं. म्हणून तो दोन वर्षांनी अपयश आलं तरी परत यायला घाबरतो. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे तयारी आणखी लांबली. त्यात खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 ही वयोमर्यादा. ती सवलत म्हणून दिलेली आहे, पण आमच्या मुलांसाठी तिचा सापळा झाला आहे. "अजून वय आहे" म्हणत म्हणत तिशी उलटते आणि बायोडेटात एका दिवसाच्याही कामाची नोंद नसते.

उपजिल्हाधिकारी आणि तहसीलदार सोडून सरकारात दुसरी नोकरीच नाही, असा समज आपण करून घेतला आहे. निरीक्षक दर्जाच्या कितीतरी नोकऱ्या आहेत. वीज, पाणी, वजन-मापं ही रोजच्या गरजेची कामं नीट चालली आहेत ना, हे पाहणारी माणसं सरकारला लागतातच. पदवीला भौतिकशास्त्र असेल किंवा इंजिनिअरिंग केलं असेल, तर वैधमापन शास्त्र विभागाचा निरीक्षक होता येतं. दुकानातला काटा, पेट्रोल पंपाचं माप, पाकिटावरचं वजन तपासणारा तो हा माणूस. त्याची निवड एमपीएससीतून होते आणि प्रशिक्षण रांचीच्या संस्थेत असतं. इलेक्ट्रिकल इंजिनिअरसाठी विद्युत निरीक्षकाचं कार्यालय आहे. आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री झालेल्यांनी महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीवर लक्ष ठेवावं. सुरुवातीची तीन वर्षं कंत्राटी असतात, मानधन ठरलेलं असतं, पण पुढे तंत्रज्ञ म्हणून कायम होता येतं.

मला सविस्तर बोलायचं आहे ते मात्र जलसंपदा विभागातल्या कालवा निरीक्षक या पदाबद्दल. ज्या तालुक्याच्या उशाशी भातसा धरण आहे, त्या तालुक्यातल्या मुलांना हे पद असतं हेच ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुंबईच्या सात धरण-तलावांत मिळून जेवढं पाणी साठतं, त्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसात असतं. तानसाचं धरण 1892 चं. मुंबईची तहान सव्वाशे वर्षांहून अधिक काळ शहापूर तालुका भागवतो आहे, आणि त्याच तालुक्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. तानसा महापालिकेचं, पण भातसा राज्याच्या जलसंपदा विभागाचं आहे. पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या खुर्च्यांवर इथली मुलं बसलेली मला पाहायची आहेत.

नोव्हेंबर 2023 मध्ये या विभागाने 4,497 पदांची जाहिरात काढली. त्यात कालवा निरीक्षकाच्या जागा 1,189 होत्या, शिवाय मोजणीदार आणि दप्तर कारकून वेगळे. पात्रता होती कोणत्याही शाखेची पदवी आणि टायपिंगचं प्रमाणपत्र: मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन अशी एकच संगणकावरची परीक्षा, शंभर प्रश्न, दोनशे गुण; मुलाखत नाही. मूळ वेतन 19,900 पासून. महागाई भत्ता, घरभाडं धरलं तर सुरुवातीला तीस हजारांच्या आसपास.

जाहिरात आली तेव्हा ओळखीची कितीतरी पदवीधर मुलं अर्जच भरू शकली नाहीत. अभ्यास होता, पदवी होती, टायपिंग नव्हतं. जाहिरात निघाल्यावर टायपिंग शिकता येत नाही. कोर्स सहा महिन्यांचा असतो आणि परीक्षा परिषदेची परीक्षा वर्षातून दोनदाच होते. पहिल्या वर्षाला असताना कॉलेज सुटल्यावर तालुक्याच्या गावी तासभर टायपिंगला गेलं, तर पदवी हाती येण्याआधीच हे काम झालेलं असतं. पुण्याच्या क्लासला लागणाऱ्या पैशांच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

आता हे काम प्रत्यक्षात काय असतं? कालव्याचा ठरावीक भाग निरीक्षकाच्या ताब्यात असतो. शेतकऱ्यांचे नमुना 7 चे पाणीअर्ज घेणं, पाळी सुरू झाली की कुठल्या चारीला किती दिवस पाणी जाणार ते पाहणं, मापपट्टीवरची पातळी वाचून वहीत नोंदवणं, किती क्षेत्र भिजलं ते तपासणं, त्यावरून पाणीपट्टी काढणं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटरहून थोडं जास्त पाणी. हे गणित बोटांवर असावं लागतं. वरचा शेतकरी रात्री दार उचलून पाणी वळवतो आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचं पीक वाळतं. तेव्हा रात्री टॉर्च घेऊन कालव्यावर जावं लागतं, पंचनामा करावा लागतो आणि पंचनामा ज्याच्यावर करायचा तो कधी आपल्याच भावकीतला निघतो. तिथे जो ठाम राहू शकतो, त्याच्यासाठीच ही नोकरी आहे. ज्याला पंख्याखालचं टेबल हवं आहे त्याने दुसरीकडे पाहावं. आणि नेमणूक घराजवळच मिळेल असं धरून चालू नका.

भरती कधी येईल याचाही भरवसा नाही. मध्ये कित्येक वर्षं कोरडी जातात. म्हणून मी मुलांना सांगतो की गावी राहा, मिळेल ती नोकरी धरा, कसारा लोकलने कल्याण-ठाण्याला जा-ये करा आणि पहाटे दोन तास अभ्यास करा. शंभर प्रश्नांच्या या परीक्षेला तेवढं पुरतं, अट एवढीच की त्यात खंड पडू नये. "पैसे दिले की काम होतं" म्हणणारा एजंट दारात आला तर त्याला बसायलाही सांगू नका. जमीन गहाण टाकून असे पैसे दिलेली आणि पुढे हात चोळत बसलेली घरं याच तालुक्यांत आहेत.

पालकांशी मला कठोर बोलावं लागतं, ते दोन बाबतींत. "लोक काय म्हणतील, पोरगा कालव्यावर फिरतो" असं म्हणणाऱ्या वडिलांनी हे ध्यानात घ्यावं की मुलाच्या आयुष्याची पाच-सात वर्षं ते आपल्या मानापायी खर्च करत आहेत. दुसरं मुलींचं. फिरतीची नोकरी म्हणून मुलीला अर्जच भरू न देणारी घरं मी दरवर्षी पाहतो. सरकारी भरतीत महिलांसाठी 30 टक्के समांतर आरक्षण आहे. त्या जागांवर दुसऱ्या जिल्ह्यांतल्या मुली येतात, कारण त्यांच्या आईबापांनी त्यांना अर्ज भरू दिला.

शेवटी एक कागद. धरणात किंवा सरकारी प्रकल्पात ज्यांची जमीन गेली, त्यांना गट क आणि ड च्या भरतीत 5 टक्के समांतर आरक्षण आहे. प्रकल्पग्रस्ताचा दाखला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पुनर्वसन शाखेकडून मिळतो आणि कुटुंबातल्या एकालाच त्याचा लाभ घेता येतो. भातसात आजोबांचं शेत गेलं आणि नातवाच्या पिढीपर्यंत कुणी दाखलाच काढला नाही, अशी घरं इथे आहेत. तुमचं घर त्यांतलं असेल तर जून संपायच्या आत ठाण्याला जाऊन या, सोबत जातपडताळणीचंही मार्गी लावा. आणि तो दाखला कुणाच्या नावावर घ्यायचा, हे ठरवताना घरातल्या मुलीचं नाव आधी घ्या.