पंचशील पाठ, पण राग अनावर

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. दर रविवारी विहारात जातो, पंचशील तोंडपाठ आहे. पण कॅरममध्ये हरला की स्ट्रायकर भिरकावतो आणि विचारलं की 'मी नाही' म्हणतो. काय करावं?

उत्तर : ताई, पंचशीलातला 'सिक्खापद' हा शब्द पाहा. शील म्हणजे शिकायची गोष्ट, हुकूम नव्हे. त्यामुळे 'विहारात जाऊन हेच शिकलास?' हे वाक्य आधी घरातून हद्दपार करा.

मज्झिम निकाय या पाली ग्रंथात बुद्ध आपल्या मुलाला, राहुलला, खोटं बोलण्याबद्दल समजावतात. परंपरेनुसार राहुल तेव्हा सात वर्षांचा. पाय धुतल्यावर भांड्यात उरलेलं जरासं पाणी ते त्याला दाखवतात, ओतून टाकतात, मग भांडंच उपडं करतात. जाणूनबुजून खोटं बोलायची लाज नसेल, तर श्रमणपण असंच रिकामं! पुढे आरशाचा दाखला येतो. आरशात पाहावं तसं कृतीच्या आधी, करताना आणि नंतरही तपासायचं, यानं मला किंवा दुसऱ्याला त्रास होतो का? चुकलंच तर जाणत्या माणसापाशी कबूल करायचं. खरी मेख इथेच आहे. कबुलीनंतर पाठीत धपाटा बसणार असेल, तर पोर खरं कशाला बोलेल?

राग चढतानाच ओळखू यावा म्हणून आनापान. नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा. इगतपुरीच्या विपश्यना परंपरेत मुलांना हेच शिकवतात. रोज दहा मिनिटं पुरे. शिक्षा म्हणून मात्र कधीच नको. तुम्हीही शेजारी बसा. आणि कॅरम बोर्ड माळ्यावर टाकू नका.