ऊब कोणाला परवडते? : ब्रिटनमधील इंधन-दारिद्र्याचा एक अभ्यास

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा होत, हे आपण शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. परंतु थंड देशात घरात ऊब नसेल, तर डोक्यावर छप्पर असूनही निवारा अपुराच राहतो. प्रस्तुत लेखात ब्रिटनमधील गरीब, वृद्ध व आजारी माणसांची घरे त्यांना परवडेल अशा खर्चात उबदार कशी ठेवावीत, या प्रश्नाचा विचार आम्ही करणार आहोत. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घेऊन आपले अनेक विद्यार्थी त्या देशात शिकायला जातात. खोली भाड्याने घेताच हा प्रश्न त्यांच्याही पुढे उभा राहतो. शिवाय गरजूंना दिलेली मदत कोठे टिकते आणि कोठे अडते, हे आपल्यासारख्या संस्थांनाही यातून शिकता येईल.

इंधन-दारिद्र्य म्हणजे काय?

ब्रेंडा बोर्डमन या विदुषींनी १९९१ साली याच विषयावर ग्रंथ लिहिला. घर पुरेसे उबदार ठेवण्यासाठी ज्या कुटुंबाला उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून अधिक खर्च करावा लागेल, ते कुटुंब इंधन-दरिद्री समजावे, अशी कसोटी त्यांच्या अभ्यासातून रूढ झाली. येथे 'करावा लागेल' हे शब्द महत्त्वाचे आहेत. जी वृद्धा बिलाच्या भीतीने हीटर लावतच नाही, तिचे बिल कमीच येणार. केवळ बिल पाहिले तर ती सुखी दिसेल. प्रत्यक्षात ती सर्वांत अधिक गारठलेली असते.

इंग्लंडमध्ये २०२१ पासून कसोटी बदलली. घराचा ऊर्जा-दर्जा 'ड' किंवा त्याहून खालचा असेल, आणि ऊर्जेचा आवश्यक खर्च वजा जाता उरणारे उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली जात असेल, तर ते कुटुंब इंधन-दरिद्री ठरते.

थंडीने नेमके काय होते? जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड हवामानाच्या देशांसाठी घरातील किमान तापमान १८ अंश सेल्सिअस सुचविले. त्याखाली दीर्घकाळ राहिल्यास रक्तदाब वाढतो, हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो. ओल आणि बुरशी यांमुळे लहान मुलांना दमा व छातीचे विकार जडतात. म्हणजे हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नसून जीवनमरणाचा आहे.

तीन कारणे, तीन उपाय

कुटुंब या दारिद्र्यात का सापडते? त्याची तीन कारणे आहेत : अपुरे उत्पन्न, इंधनाचा चढा दर आणि उष्णता न धरणारे घर. मदतही या तीन ठिकाणीच करता येते.

१) उत्पन्नाला हातभार : वृद्धांना हिवाळ्यासाठी रोख रक्कम देण्याची योजना १९९७ साली सुरू झाली. २०११ पासून गरीब कुटुंबांना वीजबिलात सूटही मिळू लागली. ही मदत लवकर पोहोचते. परंतु ती त्या हिवाळ्यातच खर्च होते. पुढील वर्षी तोच हात पुन्हा पुढे करावा लागतो.

२) दरावर नियंत्रण : इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये २०१९ पासून नियामक मंडळ दराची कमाल मर्यादा ठरविते. परंतु मर्यादा म्हणजे स्वस्ताई नव्हे. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर गॅसचे भाव भडकले. सर्वसाधारण कुटुंबाचे वार्षिक बिल २०२१ च्या हिवाळ्यात मर्यादेनुसार १,२७७ पौंड होते. ऑक्टोबर २०२२ साठी तोच आकडा ३,५४९ पौंड जाहीर झाला. तेव्हा सरकारने हस्तक्षेप करून तो सुमारे २,५०० पौंडांवर रोखला आणि प्रत्येक घराला ४०० पौंडांची मदत दिली. त्याच हिवाळ्यात ग्रंथालये, चर्च व समाजमंदिरे यांनी गारठलेल्या लोकांना दिवसभर बसण्यासाठी उबदार खोल्या उघडून दिल्या.

येथे प्रीपेड मीटरचा मुद्दा ध्यानात घ्यावा. मोबाईलप्रमाणे आधी पैसे भरायचे आणि मग वीज-गॅस वापरायचा, अशी ही पद्धत. पैसे संपले की ऊब संपली. कंपनीने जोडणी तोडल्याची कोठेही नोंद होत नाही, कारण गरिबाने ती स्वतःच तोडलेली असते. बिल थकलेल्यांच्या घरात असे मीटर सक्तीने बसविले जात. फेब्रुवारी २०२३ मध्ये ही सक्ती थांबविण्यात आली. त्यानंतरच्या नियमांनी दोन वर्षांखालील बालके असलेली घरे आणि आधार नसलेल्या ७५ वर्षांवरील वृद्धांची घरे सक्तीतून वगळली. प्रीपेड ग्राहकाला पडणारा जादा दरही २०२३ च्या जुलैमध्ये काढून टाकण्यात आला. तोवर गरीब ग्राहक जादा दराने ऊब विकत घेत होता.

३) घराची दुरुस्ती : ब्रिटनमधील असंख्य घरे दुसऱ्या महायुद्धापूर्वीची आहेत. उष्णतारोधक थर नसलेल्या घरातील सुमारे एक चतुर्थांश उष्णता छपरातून व एक तृतीयांश भिंतींतून निघून जाते. अशा घरात हीटर लावणे म्हणजे गळक्या माठात पाणी भरणे होय. माळ्यावर २७० मिलिमीटर जाडीचा थर घालणे, पोकळ भिंतीत रोधक भरणे, दारे-खिडक्यांच्या फटी बुजविणे आणि जुना बॉयलर बदलणे, हे त्यावरील मुख्य उपाय. इंग्लंडमध्ये २००० ते २०१३ या काळात चाललेल्या 'वॉर्म फ्रंट' या सरकारी योजनेतून सुमारे २३ लाख घरांना अशी मदत मिळाली.

आम्ही बँकेत हिशेब करणारी माणसे. आमच्या भाषेत सांगायचे, तर बिलाला दिलेली मदत हा चालू खर्च आणि भिंतीत घातलेला पैसा ही ठेव. तिचे व्याज दरवर्षी कमी बिलाच्या रूपाने मिळत राहते. मात्र ठेव बुडूही शकते. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षा कार्यालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, त्या वेळच्या सरकारी योजनांतून बाहेरील भिंतींना रोधक थर बसविलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावी लागेल असे मोठे दोष निघाले. काम निकृष्ट झाले की ओल आत शिरते आणि ज्याला वाचवायचे तोच आजारी पडतो. म्हणून कामाची तपासणी हा मदतीचाच भाग मानला पाहिजे.

मदत दारापर्यंत

इतक्या योजना असूनही त्या गरजूंपर्यंत पोहोचतातच असे नाही. २०२४ साली इंग्लंड व वेल्समध्ये वृद्धांची हिवाळी रक्कम मुख्यत्वे 'पेन्शन क्रेडिट' हे पूरक निवृत्तिवेतन घेणाऱ्यांपुरती मर्यादित झाली. परंतु त्यास पात्र असलेल्या हजारो वृद्धांनी कधी अर्जच केलेला नव्हता. ते दोन्हींना मुकले. कोणाला माहीत नव्हते, कोणाला अर्ज समजला नाही, कोणाला मागण्याचा संकोच वाटला. २०२५ साली ही मर्यादा बदलून वार्षिक ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या वृद्धांना ती रक्कम पुन्हा देण्यात आली.

अर्जाच्या कागदापाशी अडणारी माणसे आम्ही आमच्या खिडकीपाशीही रोज पाहतो. पात्रता असते, कागदही असतो. शेजारी बसून तो भरून देणारा नसतो. ग्लॉस्टरशर परगण्यात २०२१-२२ च्या हिवाळ्यात निराळा मार्ग अवलंबिला गेला. थंडीने ज्यांचा आजार बळावेल अशा रुग्णांना आरोग्यसेवकांनीच हेरले आणि औषधाप्रमाणे ऊब लिहून दिली. रुग्णाने मदतीच्या शोधात हिंडावे लागले नाही. मदतच त्याच्या घरी गेली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, आजच्या थंडीसाठी बिलाला मदत हवीच. परंतु उद्याच्या थंडीसाठी घर दुरुस्त झाले पाहिजे. आणि या दोन्हींसाठी गरजूच्या शेजारी बसणारा माणूस हवा. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी खोली घेण्यापूर्वी तिचा ऊर्जा-दर्जा, मीटरचा प्रकार आणि भिंतींवरील ओल अवश्य पाहावी. आणि संस्थेच्या सभासदांनी, कोणतीही योजना जाहीर झाली की, आपल्या वस्तीतील किती पात्र घरांनी अर्ज केलेला नाही याची यादी प्रथम करावी. अर्ज घेऊन त्या घरी जाणे हे काम पैशाशिवाय होण्यासारखे आहे, आणि ते आपण करू शकतो.