आधी तैलबैला, मग रेस

सायकलची रेस आणि दोर लावून करायची चढाई एकाच सुट्टीत बसवायची असेल, तर आधी कडा आणि मग रेस. दमलेल्या पायांनी रेस मारली तर फार तर नंबर जातो. दमलेल्या हातांनी बिले दिला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळला, तर दोराच्या दुसऱ्या टोकाला जो लटकतोय त्याच्या जिवावर बेततं. आमच्याकडे हा क्रम उलटा लागला, कारण रेसची तारीख आयोजकांच्या हातात आणि ज्यांच्याकडे दोर आणि अनुभव दोन्ही होते त्यांना रविवारच तेवढा मोकळा. शनिवारी सकाळी लोणावळ्याच्या वर हौशी गटाची रेस, रविवारी त्याच रस्त्याने पुढे जाऊन तैलबैल्याची भिंत, असं ठरलं.

रस्ता एका ओळीत: लोणावळा, भुशी धरण, आयएनएस शिवाजी, लायन्स पॉइंट, पेठ शहापूर, ॲम्बी व्हॅली, सालतर खिंड, तैलबैला गाव. तीस-पस्तीस किलोमीटर. बाकीचं नकाशात दिसतं.

रेस पहाटे सहाला सुटणार होती. पाहुणे सव्वासातला आले, मग हार, मग भाषणं. आम्ही दीडशे माणसं क्लीटचे बूट घालून बगळ्यासारखी एका पायावर. याचा राग उशिराचा नाही, रस्त्याचा आहे. शनिवार-रविवारी या रस्त्यावर सायकल चालवायची तर उजाडताना लायन्स पॉइंट मागे पडलेला हवा. आठनंतर सनरूफमधून अर्धी बाहेर आलेली पोरं, स्पीकर, मॅगीच्या टपऱ्यांसमोर आडव्या लावलेल्या गाड्या, आणि त्यातून उतारावर ताशी पन्नासने येणारे तुम्ही. स्पर्धा असो वा नसो, सूर्य वर यायच्या आत उतार संपवा.

भुशीच्या पुढचा चढ अंगावर येतो. तिथेच पुढचं टोळकं सुसाट सुटतं आणि नवख्याला वाटतं, हे निसटले म्हणजे संपलं. त्यांच्या मागे लागू नका. सपाटीवर दुसऱ्याच्या चाकाला चिकटून राहिलं की वारा तो खातो आणि आपली बरीच ताकद वाचते. चढावर वेग दहा-बारावर आला की वाऱ्याचा मारच उरत नाही, म्हणजे आडोशाचा फायदाही उरत नाही. मग दुसऱ्याच्या वेगाने जाऊन मिळवायचं काय? पुढे ३४ आणि मागे ३२ दात असतील तर लाज न बाळगता ते वापरा. आमच्या शेजारी एकजण आपली सायकल सात किलोची आहे हे चढ सुरू होईपर्यंत सांगत होता. व्यावसायिक शर्यतींत ६.८ किलोच्या खाली सायकल चालत नाही, हेही त्याने सांगितलं. चढावर तो दिसला नाही, पण तो पुढे गेला असेल, मागे राहिला नसेल, हे कबूल करायला हवं.

खाण्याचं गणित सोपं आहे. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, एका मध्यम केळ्यात पंचविसेक ग्रॅम असतात. भूक लागायची वाट बघायची नाही. हाच नियम दुसऱ्या दिवशी भिंतीवर कामाला आला, कारण कड्यावर माणूस दर स्टेशनवर अर्धा-अर्धा तास नुसता थांबतो, भूक कळत नाही आणि मग अचानक हात थरथरायला लागतात. खिशात चिक्की किंवा खजूर ठेवा. जेल खाणार असाल तर रिकामं पाकीट जर्सीच्या मागच्या खिशात. त्या शनिवारी रस्त्याच्या कडेला पडलेली जेलची पाकिटं बघून मी ठरवलं की भुशीवर चिप्स खाणाऱ्यांना यापुढे एकट्यांना शिव्या घालायच्या नाहीत. पर्यावरणावर पोस्ट टाकणारे आणि चार हजारांचे बूट घालणारेही तेच करतात, त्यांचा कचरा फक्त महाग असतो.

आता हातांबद्दल. रेसमध्ये पाय दमतात ते जगाला दिसतं. उताराला ब्रेकवर तळवे दाबून धरल्याने अंगठ्याच्या विरुद्ध बाजूला तळव्यात जी नस असते ती चेपली जाते, आणि करंगळी व अनामिका बधिर होतात. कधी तासाभरात मोकळी होतात, कधी दोन दिवस जात नाहीत. शनिवारी रात्री भाकरी मोडताना माझी डावी करंगळी दुसऱ्याच कुणाची असावी अशी लागत होती. पायाचा गोळा चोळून जातो, या मुंग्या चोळून जात नाहीत. म्हणून आमच्या म्होरक्याने रविवारी सकाळी एक चाचणी लावली, ती कायमची उचलण्यासारखी आहे: डोळे मिटून आठची गाठ बांधायची, आणि एकेका हाताने कॅराबिनरचं स्क्रू-गेट उघडून बंद करायचं. जो अडखळेल त्याने लीड (सर्वांत पुढे चढणं) नाही, बिले नाही. आम्ही दोघं अडखळलो. मला मधे तिसऱ्या जागी टाकलं. आमच्या गटातल्या ताई तर चढायलाच नको म्हणाल्या. रेसमध्ये त्यांच्या पोटरीला इतके गोळे आले होते की शेवटचा चढ त्यांनी सायकल ढकलत काढला होता. त्या खाली खिंडीत थांबल्या. हे पुढे कामाला येणार आहे.

तैलबैला म्हणजे शेजारी शेजारी उभ्या दोन सरळसोट भिंती आणि मधे इंग्रजी व्हीच्या आकाराची खिंड. जमिनीच्या भेगेत शिलारस घुसून थिजला, आजूबाजूचा मऊ थर झिजून गेला, ही कडक भिंत राहिली. भूगर्भवाले याला डाइक म्हणतात. माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटर, खिंडीपासून भिंत दोनशे-अडीचशे फूट. खिंडीत कातळात कोरलेलं भैरोबाचं ठाणं आणि पाण्याचं टाकं आहे. इतिहास विचाराल तर खाली कोकणात उतरणाऱ्या सवाष्णी आणि वाघजाई या घाटवाटांवर नजर ठेवायला ही जागा होती, समोर सुधागड, घाटाखाली ठाणाळ्याची लेणी. यापलीकडे मला विचारू नका, गावात पिठलं-भाकरी देणाऱ्या मावशींना विचारा, त्या तुम्हाला जास्त आणि रंगवून सांगतील.

गावातून खिंडीपर्यंत तासभर. त्यातला शेवटचा टप्पा घसाऱ्याचा. चढाईबद्दल इतकंच: जुन्या मेखा आणि बोल्ट चार महिने पावसात भिजतात, गंज आतून खातो, म्हणून एकावर भरवसा टाकू नका, दोन वेगळ्या बिंदूंचा अँकर करा. भिंतीला आग्या मोहोळ असतं. अत्तर, डिओ, शेकोटी, आरडाओरडा यातलं काहीही नको, आणि त्या मोसमात पोळी कुठे आहेत ते आदल्या दिवशी गावात विचारा. आम्ही दुपारी माथ्यावर होतो. तिथे फोटो काढण्यापलीकडे काही करायला नाही, आणि कोकणातून चढणारा वारा तेवढ्यात सुरू झाला.

रॅपलिंग, म्हणजे दोरावरून उतरणं, दोन टप्प्यांत. दोन दोर एकमेकांना बांधायचे, दुहेरी सोडायचे, सगळे उतरले की एक ओढून दोन्ही खाली घ्यायचे. कागदावर सोपं. पहिला टप्पा सुरळीत झाला. दुसऱ्याला म्होरक्याने नेहमीप्रमाणे वेटोळं करून दोर फेकला आणि वाऱ्याने तो पंधरा फूट बाजूला नेऊन एका कपारीच्या तोंडाशी घातला. उतरणाऱ्यांनी तो वाटेत सोडवत आणला, सगळे खिंडीत पोचले. दोर ओढला. वीसेक फूट आला आणि अडकला.

इथे जे झालं ते सविस्तर लिहितो, कारण बहुतेक गोंधळ याच मिनिटात होतात. सगळ्यांनी मिळून दोराला लटकायचं ही पहिली सुचणारी गोष्ट. तिघं हात लावायला पुढे झालेच होते. म्होरक्या ओरडला, "हात काढा!" दोन कारणं. एक, गाठ कपारीत बसली असेल तर जोर लावून ती पाचरीसारखी आणखी आत जाते. दुसरं कारण महत्त्वाचं: ओढताना दोराचं दुसरं टोक वर चढत असतं. ते हाताबाहेर गेलं की अडकलेल्या एका पदरावर तुमचा ताबा उरत नाही. तो कशाला अडकलाय हे कळल्याशिवाय त्यावर चढणं म्हणजे आत्महत्या. दुसरं टोक अजून हातात असेल तर दोन्ही पदरांवर मिळून प्रुसिक गाठींनी वर जाता येतं, दोर उलटा खेचता येतो, पर्याय शिल्लक असतात. आमच्या हातात अजून डोक्याइतकं टोक होतं. त्यालाच आम्ही आधी दगडाला बांधून टाकलं.

खालून वर बघितलं तर काही दिसत नव्हतं, भिंत पोटातून पुढे आलेली. खिंड अरुंद, मागे सरकून कोन बदलायलाही जागा नाही. मग ताई, ज्या दिवसभर खाली बसल्या होत्या, त्या लंगडत घसाऱ्यावरून खाली उतरत गेल्या, इतक्या की त्यांचा आवाज नीट येईना. तिथून त्यांनी मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून पाहिलं आणि फोन केला. गाठ एका फटीच्या खालच्या टोकात होती, वर सरकवली तर सुटेल, डावीकडे ओढली तर नाही. आम्ही दुसऱ्या टोकाने उलटं खेचलं, हातभर. मग एकाने समोरच्या भिंतीच्या पायाशी जितकं चढता येईल तितकं चढून, दोर बाहेरच्या बाजूला झटकत, लाट वर पाठवत, हलक्या हाताने ओढला. चौथ्या-पाचव्या झटक्याला तो आला. वरून दोर येताना "रोप!" असं ओरडायचं आणि भिंतीला चिकटून डोकं झाकायचं, कारण सोबत दगड येतात. आमच्या दोराबरोबर मुठीएवढा एक आला.

यातून उचलायच्या गोष्टी, आमच्या म्होरक्याने तिथेच बसून सांगितलेल्या. वाऱ्यात दोर फेकू नका. पिशवीत भरून हार्नेसला लावा, उतरताना आपोआप सुटत जातो. दोन दोर जोडायला साधी सपाट ओव्हरहँड गाठ, नीट ओढून आवळलेली, शेपट्या किमान फूटभर. ही गाठ एका बाजूने सपाट राहते, त्यामुळे कमी अडकते. पहिला माणूस खाली पोचला की त्याने, वर माणसं असतानाच, थोडं ओढून बघायचं. कुठला रंग ओढायचा ते सर्वांनी मोठ्याने म्हणायचं. आणि टोकाला मारलेली गाठ ओढायच्या आधी सोडायची. ही शेवटची गोष्ट वाचायला बावळट वाटते, पण विसरली जाते.

आम्ही दोर गुंडाळत असताना काही जाणती मंडळी खिंडीत आली. त्यांच्यातले एक काका म्हणाले, "आमच्या वेळी नुसत्या सुतळीवर उतरायचो, खरे ट्रेकर असली हत्यारं घेत नाहीत." वयाला मान म्हणून हसलो. त्याच भैरोबाच्या ठाण्याजवळ ऑइलपेंटने लिहिलेली नावं आहेत, त्यात कुठल्याशा ग्रुपचं नावही आहे. खरे असतील.

परतताना अंधार झाला होता. सायकली टेम्पोत टाकल्या, या रस्त्याला रात्री सायकल नको. एक किरकोळ गोष्ट, कुणी सांगत नाही म्हणून: हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची सायकल चाक काढून नेणार असाल, तर दोन पॅडच्या मधे पुठ्ठ्याची घडी घाला. वाटेत कुणाच्या पायाने लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात, आणि पुण्यात उतरल्यावर चाक आत जात नाही.