चबच्या नदीवर जाण्याआधी

हेरेफर्ड, इंग्लंड

चि. मकरंद,



बर्मिंगहॅममध्ये बस्तान बसलं हे वाचून बरं वाटलं. तुझा प्रश्न रास्त आहे. मासे गरवायच्या कार्बनच्या हलक्या काठ्या दुकानात स्वस्त मिळत असताना मामा बांबूची जड काठी आणि जुनं रीळ का देतोय? कारण त्या रिळाने तुला गळ लांब फेकता येणार नाही, आणि मला नेमकं तेच हवं आहे.

ते रीळ सेंटरपिन आहे, म्हणजे पोलादी आसावर फिरणारं चाक. त्यात दाते नाहीत, आपोआप दोर सोडणारी कळ नाही. ब्रेक म्हणजे तुझा अंगठा. मुरलेले लोक त्यानेही दूर फेकतात, पण पहिले काही हंगाम तुझा गळ इथल्या वाय नदीच्या पलीकडच्या काठाला पोचायचा नाही. म्हणजे मासा जिथे आहे तिथे तुलाच जावं लागेल, आणि चबच्या जवळ जाणं ही खरी विद्या आहे.

हा मासा अतिशय भित्रा. आयझॅक वॉल्टनने 1653 साली ‘द कम्प्लीट अँगलर’मध्ये लिहून ठेवलंय की वरून पक्षी उडाला तरी त्याच्या सावलीने चब खाली बुडी मारतो. त्यात तो रोहू आणि महाशीर यांच्याच गणातला. या सगळ्यांच्या शरीरात हवेची पिशवी आणि कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना फार चांगलं ऐकू येतं. काठावर धप्पकन पाय टाकलास की विलो झाडाच्या मुळांखालचा चब तुझ्याआधी तिथून गेलेला असेल. आवाज न करता चाल, गडद कपडे घाल, झुडपाच्या पुढे नाही, मागे बस. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, म्हणून उभा माणूस माशाला लांबूनही दिसतो. जमिनीलगत बसलेला सहसा दिसत नाही. आपल्या शास्त्री नदीवर गरवताना मोठ्याने गप्पा मारायची सवय इथे सोडून दे.

जागा ओळखायला शीक. पाण्यावर झुकलेली फांदी, तिच्यात अडकलेल्या काटक्या-कचऱ्याचा तराफा, वेगवान धारेच्या कडेला संथ पाणी: चब अशा छपराखाली राहतो आणि धारेतून येणारं खाणं टिपतो. म्हणून आमिष धारेबरोबर त्याच्याकडे वाहत जाऊ दे. साळिंदराच्या काट्याचा फ्लोट लाव, चाक मोकळं सोड आणि अंगठ्याने किंचित अडवत राहा. फ्लोट क्षणभर रोखला की आमिष त्याच्या पुढे जाऊन थोडं वर उचललं जातं, आणि पुष्कळदा चब तेव्हाच ते घेतो. हा रोखण्याचा क्षण बोटाला कळतो, आणि तेवढ्यासाठी मला सेंटरपिनहून चांगलं साधन अजून भेटलेलं नाही.

आमिष साधं असू दे. ताज्या पांढऱ्या पावाचा मऊ तुकडा गळाच्या दांडीवर चिमटीत दाब, कडा मोकळ्या ठेव. कडाक्याच्या थंडीत उग्र वासाच्या चीजचा गोळा उत्तम, पण तो थंड पाण्यात घट्ट होतो, म्हणून मळताना हवासा वाटतो त्याहून मऊ ठेव. एका जागी एखाद-दुसरा चब मिळाला की पुढे सरक. उरलेले सावध झालेले असतात.

मासा लागला की पहिल्या काही क्षणांत तो मुळांकडे धाव घेईल. तेव्हा दोर देऊ नकोस. काठी पार मुठीपर्यंत वाकू दे. बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या जोडून ती त्यासाठीच केलेली असते, आणि तिच्या लवचिकपणामुळे बारीक दोरही टिकतो. वापरून झाल्यावर पुसून, वाळवून, कापडी पिशवीत उभी टांगून ठेव. ओली काठी भिंतीला टेकवून ठेवलीस तर कायमची वाकेल. सांधे सरळ ओढून सोडव, पिळू नकोस.

आई विचारेल, मासा खाणार ना? नाही. इंग्लंडच्या नदीतून 20 सेंटिमीटरहून मोठा चब नेता येत नाही, आणि नेऊही नये. चार-पाच पौंडांचा चब दहा वर्षांहून मोठा असू शकतो. हात ओले करूनच त्याला धर, पाण्याजवळच गळ काढ, आणि धारेकडे तोंड करून तो स्वतःहून निघून जाईपर्यंत आधार दे. घशात बोट घालू नकोस, तिथे त्याचे चिरडणारे दात असतात. आणि हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही, उंदरांमुळे लेप्टोचे रोगजंतू इथल्या नद्यांतही असतात.

वाय आजारी आहे, तेही तुला ठाऊक असावं. खोऱ्यातल्या कोंबड्यांच्या शेडमधली विष्ठा खत म्हणून शेतात जाते, पावसाने तिच्यातला फॉस्फरस नदीत येतो, सांडपाण्याचाही येतो, आणि उन्हाळ्यात पाणी शेवाळाने हिरवं होतं. 2023 मध्ये नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेने नदीची स्थिती प्रतिकूल आणि ढासळती ठरवली. काठावर तासन् तास बसणाऱ्या माणसांनी पाण्याचा बदलता रंग वेळीच पाहिला आणि बोलून दाखवला. तूही बघत जा, वहीत लिहीत जा.

एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा परवाना आधी काढ. त्याशिवाय गळ पाण्यात नाही. माझ्या क्लबच्या पाण्यासाठी पाहुण्याचा पास मी घेतो. शिशाच्या छोट्या गोळ्या कुणी दिल्या तर घेऊ नकोस: हंसांना त्यांची विषबाधा होत होती म्हणून 1987 पासून त्यांवर बंदी आहे. एखाद्या रविवारी रेडिचला जाऊन ये. तुझं रीळ, ऑलकॉक कंपनीचं एरियल, सुयांसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्याच गावी घडलं.

नदीचा हंगाम 14 मार्चला संपतो आणि 16 जूनला पुन्हा उघडतो, म्हणून नाताळच्या सुट्टीतच ये. रबरी बूट आणि जाड मोजे आण, पाव मी आणून ठेवीन.

तुझा,
नंदूमामा