सुभद्रेचं लुगडं

राजाजीनगर, बंगळुरू

चि. मृणाल,

तुमच्या मंडळानं ‘संगीत सौभद्र’ घेतलंय आणि वेशभूषा तुझ्याकडे आलीय, छान झालं. फोनवर तू कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानांची नावं मागितलीस. ती भेटशील तेव्हा देईन, पण आधी मला सांग, तू कपडे कुठल्या काळाचे काढणार आहेस?

महाभारतकाळाचे म्हणशील तर पुढचं सगळंच फसेल. अण्णासाहेब किर्लोस्करांनी सौभद्र रंगभूमीवर आणलं १८८२ साली. नावं द्वारकेची, पण माणसं त्या काळच्या मराठी वाड्यातली. बलराम कर्त्या भावाच्या तोऱ्यात बहिणीचं लग्न परस्पर ठरवून मोकळा होतो, कृष्ण गालातल्या गालात हसत आतून सूत्रं हलवतो. असल्या घरातली मुलगी लुगडंच नेसणार. तू जी चित्रं पाठवलीस ती रविवर्म्याच्या छापखान्याची. तो छापखाना मुंबईत निघाला १८९४ ला, म्हणजे सौभद्राच्या पहिल्या प्रेक्षकांच्या भिंतींवर ती चित्रं नव्हतीच. बालगंधर्वांचे फोटो पाठवलेस, ते त्याहून पुढचे. गंधर्व नाटक मंडळीच मुळी १९१३ ची. तिन्ही काळ देखणे आहेत, पण एकाच अंकात तिन्ही घुसले की प्रेक्षकाला लग्नाच्या हॉलमध्ये आल्यासारखं वाटतं. मी १८८२ धरलं असतं: सुती अंग, रेशमी काठ, दागिने मोजके. दिग्दर्शकाला गंधर्वकाळच हवा असेल तर जरीला हात सैल सोड. पण हे आधी ठरवा, मग बाजारात जा.

आता भाड्याची दुकानं. तिथला माल मुख्यतः कन्नड पौराणिक नाटकांसाठी असतो. जुन्या म्हैसूर भागात ‘कुरुक्षेत्र’ अजून गावोगाव हौसेनं होतं, त्याचे मोठाले किरीट, खांद्यावरच्या भुजकीर्ती, छातीवर टिकल्यांची गर्दी. त्या नाटकाला ते शोभतं, कारण तिथला आवेशच तसा. तुमच्याकडे कृष्ण घरात बसून बायकोची थट्टा करतो. म्हणून तिथून गदा, धनुष्य, नारदाची वीणा एवढंच आण. आणि आमच्या कॉर्ड रोडवरच्या इस्कॉनमधली मूर्ती बघून मुकुट मागवू नकोस. भरजरी मुकुट मूर्तीला ठीक, तिला पदं म्हणायची नसतात. गाणाऱ्याचे कान झाकले की ऑर्गन आणि तबला त्याला नीट ऐकू येत नाही, मग सूर सरकला म्हणून लोक नटाला बोलतात. मुकुट कानांच्या वर बसेल असाच करून घे, आतून सुती पट्टी लाव.

कापडासाठी चिकपेट. व्हाइटफील्डहून पर्पल लाइननं मॅजेस्टिक, तिथून ग्रीन लाइनचं पुढचंच स्टेशन. नऊवारी इथे मिळत नाही हा तुझा समज आधी काढून टाक. माध्व घरांत ‘कच्चे’ म्हणजे काष्टा नेसतात, अय्यर-अय्यंगार घरांत मडिसार. दोन्हींना नऊ वारच लागतात. दुकानात ‘ओंबत्तु गज’ म्हणून माग, कोणी हसणार नाही. मल्लेश्वरमलाही बघ. मात्र काठ पारखून घे, कांजीवरमचे रुंद मंदिरकाठ द्वारकेच्या या वाड्यात परके दिसतील. तुझ्या कामाचं खरं लुगडं इरकली. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलचं, अंगाचा ताणा सुती, पदराचा रेशमी, आणि दोन्ही ताणे फास घालून जोडलेले. पदर लाल-पांढरा, लांबूनही ओळखू येणारा. त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचे खण चोळ्यांना घे. हल्ली इरकलीत कृत्रिम रेशीम सर्रास येतं, दिव्याखाली ते ओलं असल्यासारखं चमकतं. विचारून घे. सखी कुसुमावतीला साधं सुती, रुक्मिणीला भारी, सुभद्रेला दोघींच्या मधलं. सुभद्रा कुमारिका आहे; तिच्या गळ्यात मंगळसूत्र दिसता कामा नये. हौशी प्रयोगात हे हमखास होतं, कारण दागिन्यांचा डबा एकच असतो.

मंडळातल्या आजीबाई जुने शालू देऊ करतील. प्रेमानं नाही म्हण. जुनं रेशीम घडीवर विरलेलं असतं, पहिल्याच बैठकीला चर्रकन जातं, आणि मग कोणाच्या तरी लग्नाची आठवण फाटल्याचं तुझ्या नावावर.

शिवलेल्या नऊवारीचा मोह होईल. नाचाला ती सोयीची, गाण्याला नाही. हुक लावून कंबर आवळली की पोटातून श्वास घेता येत नाही. नेसवायला बाई ठेव. आणि शिवायचंच झालं तर नाडी ठेव, माप घेताना मुलीला पोटभर श्वास भरून धरायला सांग, मग टेप लाव. अर्जुनाच्या अंगरख्यालाही हाच नियम. तो यतीचा वेष घेतो, त्याची छाटी वेगळी तयार ठेव. बाजारात मिळतो तो झेंड्यासारखा झगझगीत केशरी आणू नकोस, मांजरपाट आणून गेरूच्या पाण्यात बुडव. पांढरी उपरणी आणि धोतरंही कोऱ्या पांढऱ्या रंगात रंगमंचावर डोळ्यांवर येतात, चहाच्या पाण्यातून काढली की शांत होतात. सुती असतील तरच हं, पॉलिस्टरला चहा चढत नाही.

माइकचं अण्णासाहेबांना काही पडलं नव्हतं, तुला पडलंय. नव्या कडक रेशमाची सळसळ आणि हातभर काचेच्या बांगड्या, दोन्ही कॉलर माइकला ऐकू जातात. रेशीम दोनचार तालमींना नेसवून मऊ करून घे, बांगड्या कमी कर. माइकच्या डबीसाठी कमरपट्ट्याच्या आतून, पाठीच्या बाजूला खिसा शिव. काष्ट्यात ती कुठेच राहत नाही.

जरीचं मात्र दुकानात बसून ठरवू नकोस. टेस्टेड जरी ट्यूबलाइटखाली सोन्यासारखी आणि एलईडीखाली कधी कधी पांढरीफटक दिसते. प्रत्येक काठाचा वीतभर तुकडा माग, प्रकाशयोजना करणाऱ्याला दे आणि त्याच्याच दिव्यांत, शेवटच्या रांगेत बसून बघ.

शनिवारी ये. येताना सगळ्यांची मापं आणि पात्रांची यादी प्रवेशवार लिहून आण, कोण कुठल्या प्रवेशातून थेट कुठल्या प्रवेशात जातो ते त्यात हवं. इळकलला मागणी नोंदवायची तर वेळ लागतो, म्हणून लुगड्यांचे रंग आधी ठरवू. खणांचं नंतर.

तुझी,
आत्या