चौदा गाड्या आणि ताम्हिणी घाट

प्रश्न : गाड्यांची आवड असलेले आम्ही मित्र ऑक्टोबरच्या सुरुवातीला ताम्हिणीमार्गे दिवेआगर-श्रीवर्धनला जाणार आहोत. चौदा गाड्या आहेत, अगदी नव्या एसयूव्हीपासून जुन्या जिप्सीपर्यंत. सगळ्या गाड्या एकामागोमाग राहाव्यात, कुणी वाट चुकू नये, यासाठी काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ऑक्टोबर निवडलात हे फार चांगलं केलंत. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी ताम्हिणीत गर्दी उसळते, दरडींची भीती असते, आणि कधी कधी प्रशासन पर्यटकांना बंदीही घालतं. पाऊस ओसरला की मुळशीचं पाणी काठोकाठ असतं, उतारांवर सोनकी फुललेली असते आणि रस्ता बराच मोकळा मिळतो.

पण एकामागोमाग राहायचा हट्ट मात्र सोडा. जरा हिशेब करा. ताशी 50 च्या वेगाला दोन गाड्यांत तीन सेकंदांचं अंतर ठेवायचं म्हणजे सुमारे 40 मीटर. चौदा गाड्यांची रांग अर्ध्या किलोमीटरहून लांब होते. घाटात मागून आलेल्या एसटीनं ही रांग ओलांडायची कशी? तिला वाट देण्यासाठी मध्ये जागा सोडली की रांग तुटते, आणि तुटलेली रांग जोडायला मागचे लोक वेडंवाकडं ओव्हरटेक करतात. त्यातून पहिली गाडी गतिरोधक ओलांडून वेग घेते तेव्हा शेवटची अजून गतिरोधकाच्या अलीकडेच असते. पुढच्याचा वेग 50 असेल, तर मागच्याला गाठण्यासाठी 70-80 नं पळावं लागतं. शेवटचा चालक दिवसभर असा धावत राहतो, आणि त्याला ना दरी दिसते ना धबधबा.

वारीत लाखो माणसं चालतात ती दिंड्यादिंड्यांनी, आणि विसाव्याच्या जागी सगळी भेटतात. तुम्हीही चार-पाच गाड्यांचे तीन गट करा आणि दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं निघा. सगळ्यांत संथ गाडी, म्हणजे बहुधा जिप्सी, तिच्या गटात पुढे ठेवा. सर्वांत अनुभवी चालक शेवटच्या गटाच्या शेवटच्या गाडीत हवा. टायर बदलायचं सामान आणि प्रथमोपचाराची पेटीही त्याच्याकडेच द्या.

वाट न चुकण्याचा उपाय सोपा आहे : प्रत्येकानं आपल्या मागच्या गाडीची जबाबदारी घ्यायची. वळण आलं की सुरक्षित जागी थांबायचं आणि मागची गाडी नजरेस पडली की निघायचं. निजामपूर, माणगाव, मोर्बा अशी थांब्यांची नावं आधीच कागदावर लिहून द्या, कारण घाटात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. म्हसळ्याला विशेष लक्ष ठेवा. तिथून एक रस्ता श्रीवर्धनला जातो, दुसरा बोर्ली पंचतनवरून दिवेआगरला. वॉकीटॉकी घेणार असाल, तर आपल्याकडे परवान्याशिवाय चालणाऱ्या 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातलेच घ्या, आणि ते शेजारी बसलेल्याच्या हातात द्या.

घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरून ठेवता येतो. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापून पकड सुटते. जळका वास आला की थांबायचं, पुढच्या गावाची वाट बघायची नाही. आणि रस्ता अरुंद असेल तिथे चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा नियमच आहे.

‘माणगावला आधी कोण पोचतंय बघू’ असं कुणी म्हणालं, तर त्याला तिथेच थांबवा. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 189 प्रमाणे गुन्हा आहे. शिवाय ताम्हिणी हे अभयारण्य आहे. तिथे मोठ्या आवाजाचे सायलेन्सर आणि डिकीतली गाणी नकोत.

या सहलीचा खरा आनंद आरावी-शेखाडीच्या किनारी रस्त्यावर आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. वेळापत्रकात सगळ्यांत जास्त वेळ त्यालाच द्या. तो गावांमधून जातो, म्हणून वेग अगदी कमी ठेवा आणि गाड्या रस्त्यावर उभ्या न करता आत घेऊन थांबा. दिवेआगरच्या घरगुती खानावळींत एवढ्या माणसांचं जेवण आयत्या वेळी होत नाही, तेव्हा आकडा आदल्या दिवशी कळवा. हरिहरेश्वरहून पुढे बागमांडला-वेश्वी फेरीबोटीनं जायचा बेत असेल, तर एका फेरीत सगळ्या गाड्या बसतील असं धरू नका.

पेट्रोल-डिझेल पुण्यातच भरा. निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक गाडीचा विमा आणि पीयूसी स्वतः तपासा. ज्याची मुदत संपली असेल, त्यानं दुसऱ्याच्या गाडीत बसून यावं.