साच्यातील पेला : कृती आणि इतिहास

अर्जुनी मोरगावच्या परिसरात कुंभाराचे चाक सर्वांच्या परिचयाचे आहे; साच्यात ओतून घडविलेला पेला मात्र विद्यार्थ्यांना कारखान्याचीच वस्तू वाटतो. आम्ही इतिहासाचे शिक्षक असलो तरी त्यामागील विज्ञान येथे मांडत आहोत, कारण पुढील इतिहास त्यावाचून कळत नाही.

सारे काही प्लास्टर ऑफ पॅरिसच्या तहानेवर अवलंबून आहे. जिप्सम सुमारे १५० अंश सेल्सिअसला तापविले असता त्यातील पाऊण हिस्सा पाणी निघून जाते. त्या भुकटीत पुन्हा पाणी कालवले की ती दगडासारखी घट्ट होते, परंतु आत असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात. पेल्याच्या नमुन्याभोवती असा दोन भागांचा साचा करून पूर्ण वाळवावा. माती वाळताना व भाजताना आकसते, म्हणून नमुना थोडा मोठाच घ्यावा.

केओलिन, फेल्डस्पार व गारगोटीची पूड पाण्यात कालवून सायीसारखा दाट द्राव करतात. नुसते पाणी वाढवून भागत नाही. साचा लवकर भिजतो आणि भांडे तडकते. म्हणून सोडियम सिलिकेटचे काही थेंब घालतात. त्यामुळे मातीचे कण एकमेकांना दूर लोटतात आणि कमी पाण्यातही द्राव वाहता राहतो. तो काठोकाठ ओतला की साचा पाणी शोषतो व आतल्या भिंतीवर मातीचा थर धरतो. १५-२० मिनिटांत ४-५ मिलिमीटर जाडी आली की उरलेला द्राव परत ओतून घ्यावा. कान वेगळा घडवून, दोहोंतील ओल सारखी असतानाच, त्याच द्रावाने चिकटवावा. सुकलेल्या पेल्याचा ओला कान हमखास निखळतो.

येथपर्यंत सर्व घरी होते. खरी अडचण भट्टीची. पहिली भाजणी १,००० अंशांच्या आसपास, झिलई दिल्यावर दुसरी १,२०० च्या वर. गावच्या आव्यात एवढी आच मिळत नाही. विदर्भात चिनी मातीचे काम भद्रावतीच्या ग्रामोदय संघाने रुजविले. तेथेच विजासनची बौद्ध लेणी आहेत, तेव्हा सहल काढणाऱ्यांनी दोन्ही पाहावीत.

साचा आपल्याकडे परका नव्हे. सातवाहनकालीन तेर येथे केओलिनच्या पोकळ मूर्ती दुहेरी साच्यात घडविल्या जात. प्लास्टरच्या साच्यात ओतण्याची रीत मात्र अठराव्या शतकात इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये रुळली, आणि पुढे कपबशी आपल्या चहाच्या दुकानांत पोहोचली.

एका साच्यातून निघालेले कप सारखेच असतात. तरी त्यांतलाच एक, बहुधा कान तुटलेला, दुकानाबाहेर वेगळा ठेवला जाई व पिणाऱ्यानेच तो धुवावा असा दंडक असे. जुना तर्क असा, की मातीचे भांडे सच्छिद्र, विटाळले तर फेकावे. झिलईच्या कपात तर थेंबही मुरत नाही! तर्क संपला, कप वेगळाच राहिला. म्हणूनच १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याच्या कलम ४ मध्ये उपाहारगृहातील भांड्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला. १९७६ साली कायद्याचे नाव बदलून नागरी हक्क संरक्षण कायदा झाले, भांडी त्यात कायम आहेत.

विद्यार्थ्यांनी सुटीत घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे, की गावच्या हॉटेलात तो कप नेमका कोठे ठेवलेला असे, आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून आणावे.